तुमच्या गाडीचं बोलू: यावेळी सगळे प्रश्न होंडा सिटीचे

मागच्या अंकात सेडान, म्हणजे मागं वेगळी डिकी असलेल्या, गाड्यांचे दिवस भरले का असा विषय घेतला होता, त्यावर सातारा-सांगलीकडनं भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांत फिरून फिरून एकाच गाडीचं नाव. म्हणून हा अख्खा कॉलम सिटीला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: सर, आमच्या घरात १९९९ पासून २०१५ पर्यंत सिटी होती, त्यामुळं मला प्रेम आहेच. पण आता कॉलेजातली पोरं विचारतात की या गाडीत एवढं काय होतं, तर नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगा. (शाहूपुरी, सातारा)

ताई, आधी त्या वेळचा बाजार डोळ्यासमोर आणा. नव्वदपर्यंत आपल्याकडं घरची सेडान म्हणजे बहुतेक पद्मिनी नाहीतर अॅम्बेसेडर, मग १९९० ला मारुती १००० आली, १९९४ ला एस्टीम, १९९५ ला सिएलो, त्यामागोमाग फोर्ड एस्कॉर्ट आणि ओपल अॅस्ट्रा. म्हणजे सेडान नव्हत्या असं नाही. पण एस्टीम हलकी आणि आतून साधी, सिएलो दिसायला भारी पण पेट्रोल पिणारी, आणि परदेशी कंपन्यांच्या बऱ्याच गाड्या त्यांच्या देशात जुन्या झालेल्या, त्या इथं आणून लावलेल्या. सिटीचं तसं नव्हतं. १९९६ ला थायलंडमध्ये जी सिटी आली ती मुळात आशियातल्या बाजारासाठी बसवलेली गाडी, म्हणजे उष्ण हवा, घरात एकच गाडी, तिच्यात सगळं कुटुंब, आणि मालक पैशाला जपणारा. तीच गाडी १९९८ च्या जानेवारीत भारतात विक्रीला आली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात बनून.

तिच्यात १.३ आणि १.५ लिटरची दोन इंजिनं होती. १.५ वालं साधारण १०० हॉर्सपॉवर द्यायचं आणि गाडीचं वजन टनाच्या आतबाहेर, म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर पद्मिनी चालवली तो यात बसून हायवेला लागला की त्याला कळायचंच नाही की आपण ऐंशीला कधी पोचलो, आवाज नाही, थरथर नाही, हँडल हलकं, क्लच हलका. आणि २००० ला व्हीटेक आली, साधारण १०६ हॉर्सपॉवरची, तिनं तर नादच लावला लोकांना.

व्हीटेक म्हणजे काय ते पोरांना असं सांगा. इंजिनात हवा आत सोडणारे व्हॉल्व्ह असतात, ते किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅम नावाच्या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा ठरवतो. कमी उघडले तर गावात गाडी गोड चालते, अॅव्हरेज मिळतं, पण वर जोर नाही. जास्त उघडले तर वर जोर येतो पण गावात गाडी खडखड करते आणि पेट्रोल पिते. होंडानं एकाच कॅमवर दोन्ही प्रकारचे उंचवटे ठेवले. सावकाश चालवताना लहान उंचवटे काम करतात, आणि आरपीएम वर गेले की इंजिन ऑईलच्या दाबानं एक बारीक पिन सरकते, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि मोठा उंचवटा काम घेतो. ही पद्धत होंडानं १९८९ ला जपानमध्ये इंटेग्रा गाडीत पहिल्यांदा दिली. आपल्या माणसाला ही पिन-बिन माहीत नव्हती, त्याला एवढंच कळायचं की पुण्याहून येताना खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला, काटा पाच हजाराच्या पुढं गेला की इंजिनाचा सूर एकदम बदलतो आणि गाडी परत एकदा ओढ घेते. तो सूर ऐकलेला माणूस आजही गाडी बघताना आधी इंजिन ओरडवून बघतो.

पण माझ्या मते या गाडीचं नाव झालं ते जोरामुळं नाही. स्पीडच्या गाड्या त्या काळात अजूनही होत्या, लॅन्सर १९९८ ला आली, आयकॉन १९९९ ला आली, दोन्ही चालवायला झकास. सिटी टिकली ती बिनतक्रारीमुळं. वेळेवर ऑईल बदललं, कुलंट बघितलं तर इंजिनाला हात लावायची वेळच येत नाही, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक दारात. सिएलोची कंपनी बुडाली, ओपल गेली, लॅन्सर गेली, २०२१ ला फोर्डनंही इथं गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. मालकाला पार्टस् शोधत फिरायला लागलं नाही अशा त्या पिढीतल्या मोजक्या सेडानमध्ये सिटी आहे. ज्या घरात एकदा सिटी आली तिथं दुसरी पण सिटीच आली, हे तुम्ही सातारच्या कुठल्याही डॉक्टर-वकिलाच्या गल्लीत बघू शकता.

मधे तिचे पडते दिवस पण आले. २००३ च्या शेवटी नवी सिटी आली, जिला सेकंडहँड बाजारात अजून डॉल्फिन म्हणतात, तिच्यात १.५ चंच पण आय-डीएसआय इंजिन, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, पॉवर थेट ७७ वर आणलेली. जुन्या व्हीटेकवाल्यांचा जीव तुटला. पण अॅव्हरेज एवढं चांगलं आणि आत जागा एवढी की कुटुंबवाल्यांनी ती उचलून धरली, पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवल्यामुळं मागं पाय ठेवायला आणि डिकीत जागाच जागा. २००५ ला तिचं रूप सुधारून झेडएक्स आली. मग २००८ ला ती बाणासारख्या नाकाची, ११८ हॉर्सपॉवरची आय-व्हीटेक, माझ्या मते दिसायला आजपर्यंतची सगळ्यात देखणी सिटी. आणि नेमकं तिच्याच काळात गडबड झाली. जून २०१० ला पेट्रोलचे भाव सरकारनं मोकळे सोडले, डिझेलचे धरून ठेवले, २०१२ पर्यंत दोन्हीत लिटरमागं तीसेक रुपयांचा फरक पडला, आणि सिटीत डिझेल नव्हतंच. लोक व्हर्ना आणि व्हेंटोच्या डिझेलकडं पळाले. होंडानं डिझेल आणलं ते जानेवारी २०१४ मध्ये, १०० हॉर्सपॉवरचं, आवाजाला जरा कडक पण अॅव्हरेजला जबरदस्त, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचे भावही मोकळे केले, त्यामुळं हळूहळू तो फरकच आटत गेला. २०२० ला पाचवी सिटी आली, २०२३ च्या मार्चात डिझेल बंद झालं. म्हणजे फिरून गाडी परत पेट्रोलच्या १.५ वर आली, १२१ हॉर्सपॉवर, टर्बो नाही, चार सिलिंडर, आणि वर ओढली की अजून तशीच गाते.

प्रश्न: दादा, घरात मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईचे गुडघे दुखतात. पाव्हणे, मित्र सगळे म्हणतात उंच गाडी घे, आता सेडान कोण घेतंय. मला मात्र सिटीच आवडते. रस्ता आमचा वाळवा-आष्टा साइडचा, उसाच्या सीझनला काय हाल असतात तुम्हाला माहीत असंल. काय करू? (आष्टा)

भाऊ, तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत त्या वेगळ्या करू. लोक काय म्हणतात ती एक, आणि आईचे गुडघे ही दुसरी. पहिली सोडून द्या, दुसरी अजिबात सोडू नका.

सिटीत सीट खाली आहे. आत उतरावं लागतं आणि बाहेर येताना हातावर जोर देऊन उठावं लागतं. धडधाकट माणसाला याचं काही वाटत नाही पण गुडघेदुखीच्या माणसाला हाच दिवसातला सगळ्यात अवघड क्षण असतो. तर शोरूमला एकटे जाऊ नका, आईंना घेऊन जा, आणि चकचकीत लादीवर नाही तर बाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यांना मागच्या सीटवर दोन-तीनदा बसवा-उतरवा. दरवाजाचं हँडल धरून स्वतःच्या स्वतः उठल्या तर ठीक. कुणीतरी हात द्यावा लागला तर सिटी नको, मग मी पण तुम्हाला उंच गाडीच सांगेन आणि त्यात मला काही कमीपणा वाटणार नाही.

बसल्यावर मात्र सिटीसारखी मागची सीट या पैशात शोधून सापडत नाही. पाय लांब करता येतात, पाठ मागं झुकलेली, मांडीला आधार. आई सांगलीहून पुण्यापर्यंत झोपून जातील. उंच गाडी वळणावर डोलते, पोरांना उलट्या होतात त्या बऱ्याचदा या डोलण्यानं. सेडान जमिनीला धरून चालते, पसरणी घाटात किंवा कुंभार्लीत हा फरक मागं बसलेल्यालाच जास्त कळतो. आणि डिकी ५०६ लिटर, पाच जणांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसायची पाळी येत नाही.

आता रस्ता. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे, गाडी लांब असल्यामुळं गावातल्या उंच गतिरोधकावर पाच जण बसल्यावर पोट घासायची शक्यता राहते. गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जातो, त्याच्या चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो, तिथं इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर सांभाळावं लागतं. रोज जाणं-येणं डांबरी रस्त्यानं असेल आणि शेतात आठवड्यात कधीतरी, तर काही अडत नाही, एक चाक त्या उंचवट्यावर ठेवून सावकाश काढायची. रोजच बांधावर गाडी न्यायची असेल तर नको. सेडानच पाहिजे पण थोडी उंच, तर फोक्सवॅगनची व्हर्टस आणि स्कोडाची स्लाव्हिया बघा, दोन्हींचा क्लिअरन्स १७९ आहे आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दोन्हींना पाच स्टार मिळालेत. मागच्या सीटच्या आरामात माझं मत तरीही सिटीलाच.

पैशाचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवरचा कर सेससकट ४५ टक्के होता तो ४० वर आला. पण चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना तो १८ वर आला, त्यामुळं डिझायर आणि सिटी यांच्या किमतीतलं अंतर आणखी वाढलंय. पाच माणसं, त्यातली तीन मोठी, लांबचा प्रवास वरचेवर, असं असेल तरच ते अंतर मोजा.

प्रश्न: सांगलीतच २०१२ ची आय-व्हीटेक बघितलीय, एमएच १० पासिंग, किलोमीटर कमी, रंग एकदम टकाटक, किंमत पण बाजारापेक्षा कमी. एजंट म्हणतोय उद्याच टोकन द्या. घेऊ का? (खणभाग, सांगली)

टोकन देऊ नका. आधी ती गाडी पाण्यातली आहे का ते बघा. तुम्ही सांगलीत राहता, तुम्हाला मी काय सांगायचं, ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, जुलै २०२१ ला परत आलं. त्या दोन पुरांत पार्किंगमध्ये अख्ख्या बुडालेल्या कितीतरी गाड्या विम्यात टोटल लॉस होऊन लिलावात गेल्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, रंगवून परत बाजारात आल्या. नुसत्या एमएच १० वर संशय घेऊ नका, त्या गाड्या लांब लांब गेल्यात आणि कोल्हापूरच्या एमएच ०९ पण इकडं आल्यात. बघायचं गाडीत.

गाडी सकाळी बघा, इंजिन गार असताना. सगळ्या काचा बंद करून एसी आतली हवा फिरवायच्या बटणावर लावा आणि पाच मिनिटं बसा, कुबट वास आला तर आला, सेंट मारलेला असेल तरी शंका घ्या. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी तो थांबेपर्यंत. वरचा भाग सगळे धुतात, पण गुंडाळून आत बसलेलं शेवटचं टोक धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, तिथं गाळाची आडवी रेघ किंवा तपकिरी डाग सापडतो. त्यानंतर पुढची सीट पूर्ण मागं सरकवून मोबाईलच्या बॅटरीनं खालच्या पट्ट्या आणि बोल्ट बघा. जुन्या गाडीला थोडा गंज असतोच, पण बोल्टच्या माथ्यावर पान्याचे ताजे चरे आणि आजूबाजूला खवले धरलेला गंज असेल तर सीट काढून आतलं कार्पेट धुतलंय असं समजा. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी काढा, त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो, रस्त्याच्या धुळीसारखा खरखरीत लागत नाही, सांगलीकराला हा फरक बोटालाच कळेल. दहा-बारा वर्षाच्या गाडीत कोरं करकरीत कार्पेट दिसलं तर त्याचं कारण विचारा.

कागदात २०१९ पासूनच्या विमा पॉलिसी मागा. क्लेम न करणाऱ्याला दर वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, वाढत जातो आणि क्लेम केला की शून्यावर येतो, तर २०१९ किंवा २०२१ नंतरच्या नूतनीकरणात तो एकदम शून्य झालेला दिसला की काय ते समजा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन हिस्टरी काढा, किलोमीटर खरे का खोटे ते पण तिथंच कळतं. आणि तिथंच चासी नंबर देऊन एअरबॅगची चौकशी नक्की करा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगवणारा भाग सदोष निघाला म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवल्या गेल्या, त्यात आपल्याकडच्या त्या काळातल्या सिटी पण होत्या. तो भाग होंडा फुकट बदलून देते. धडक झाल्यावर त्यातनं पत्र्याचे तुकडे उडू शकतात, म्हणून हे काम झालेलं नसेल तर गाडी घरी न्यायच्या आधी करून घ्या.

यातनं सगळ्यातनं गाडी नीट निघाली तर खुशाल घ्या, त्या इंजिनाला टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारी साखळी) आहे, पट्टा बदलायची भानगड नाही. गाडी चांगली असेल तर ती परवा पण चांगलीच राहणार, एजंटची घाई ही त्याची अडचण आहे, तुमची नव्हे.

प्रश्न: माझ्याकडं २००१ ची व्हीटेक आहे, वडिलांची. घरचे म्हणतात भंगारात दे. मन होत नाही. (कराड)

देऊ नका, पण दोन गोष्टी करा. या पहिल्या पिढीच्या इंजिनाला टायमिंग पट्टा आहे, तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग खर्च गाडीच्या किमतीएवढा. पट्टा बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि टेन्शनर, वॉटर पंपासकट बदला. दुसरं कागद. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि फेरनोंदणी, वर पर्यावरण कर, शिवाय नवी सुरक्षा नंबरप्लेट. २० वर्षांवरच्या कारची फेरनोंदणी फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय. हे परवडत असेल तर ठेवा, मूळ स्थितीतल्या व्हीटेक आता फार थोड्या उरल्यात. आणि कृपा करून तिला मोठा सायलेन्सर, रुंद टायर काही लावू नका, तिची मजा हलकेपणात आहे.

प्रश्न: ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं सिटीचं इंजिन खराब होतं का? आमच्याच उसाचं इथेनॉल, त्यामुळं विरोध पण करता येईना! (इस्लामपूर)

होंडाचं म्हणणं आहे की जानेवारी २००९ पासून बनलेल्या त्यांच्या गाड्यांचे पाइप, सील, टाकी ई-२० ला चालतात. त्याआधीच्या डॉल्फिन, झेडएक्स, जुनी व्हीटेक यांच्यात रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासून घ्या, फुगलेले, चिरलेले दिसले की बदला. अॅव्हरेज थोडं कमी होणारच, कारण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. आणि इथेनॉल पाणी ओढतं, तर पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी करून ठेवू नका.

प्रश्न: सिटी आधी छोटी गाडी होती आणि तिच्या डिकीत स्कूटर यायची असं ऐकलं, खरं का? (मिरज)

खरं आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये सिटी याच नावाची तोकडी, उंच हॅचबॅक आली, आणि मोटोकॉम्पो नावाची घडी घालता येणारी छोटी स्कूटर तिच्या डिकीच्या मापानं बनवलेली. आपल्या सिटीशी तिचं नातं फक्त नावाचं.

प्रश्न: आठवड्यातून तीनदा सातारा-पुणे-सातारा करतो. सिटी हायब्रिड घ्यावी का साधी पेट्रोल? (गोडोली, सातारा)

नुसता हायवे असेल तर साधी पेट्रोल. मे २०२२ ला आलेल्या हायब्रिडमध्ये १.५ चं इंजिन आणि विजेच्या दोन मोटरी आहेत, मिळून १२६ हॉर्सपॉवर, कंपनीनं तेव्हा अॅव्हरेज २६.५ सांगितलं. पण तिची खरी बचत होते ट्रॅफिकमध्ये, जिथं गाडी बराच वेळ नुसत्या मोटरीवर सरकते आणि ब्रेक दाबला की बॅटरी भरते. एका वेगानं पळताना इंजिनच चाकं फिरवतं, मग साध्या सिटीत आणि तिच्यात फरक कमी राहतो. तुमचं पुण्यातलं काम कात्रजच्या आसपास असेल तर जादा पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. हिंजवडी किंवा वाघोलीला जात असाल तर गणित बदलतं, तिथं रोजचा तास-दीड तास चिकटून चालायचा, तिथं हायब्रिड घ्या आणि डोळे झाकून घ्या. फक्त डिकी बघून घ्या, बॅटरीमुळं ती ५०६ वरनं ३०६ लिटर होते, म्हणजे रविवारी सगळं घर घेऊन निघायचं असेल तर एक मोठी बॅग घरीच ठेवावी लागेल.